बांध कोरला, आता दावा लावायचाय : दिवाणी कोर्टाची पायरी पहिल्यांदा चढणाऱ्यांसाठी

पावसाळ्याआधी शेजाऱ्याने नांगर फिरवला आणि बांध हातभर आपल्या बाजूला सरकला. पुढच्या वर्षी आणखी हातभर. चौथ्या वर्षी त्याने तिथे तारेचं कुंपण घातलं, आणि आपण पोलीस ठाण्यात गेलो तर ठाणे अंमलदाराने ऐकून घेऊन सांगितलं, "हे दिवाणी आहे, कोर्टात जा."

तालुक्याच्या कोर्टात माझ्याकडे येणारे निम्मे पक्षकार याच वाक्याने सुरुवात करतात. पुढे काय करायचं हे त्यांना कुणी सांगितलेलं नसतं. म्हणून हा लेख. उदाहरण शेवटपर्यंत हेच धरू, कोरलेल्या बांधाचं. तुमचं प्रकरण उसनवारीचं असो, घराच्या साठेखताचं (विक्रीआधी होणाऱ्या कराराचं) असो की भावकीतल्या वाटपाचं, वाट साधारण हीच असते. सगळी प्रक्रिया दिवाणी प्रक्रिया संहिता, १९०८ या कायद्याने चालते. गोव्यातही हीच संहिता आहे, पण कोर्ट फी राज्यागणिक वेगळी असते. फीबद्दल मी जे सांगतो ते महाराष्ट्रापुरतं समजा.

आधी दार बरोबर आहे का ते पाहा

संहितेचं कलम ९ म्हणतं की कायद्याने बंदी नसेल तर प्रत्येक दिवाणी वाद दिवाणी कोर्ट ऐकेल. गोम त्या "बंदी नसेल तर" मध्ये आहे. जमिनीत कूळ आहे की नाही हा प्रश्न आला की तो कूळकायद्याखाली तहसीलदाराकडे जातो. मुंबईत भाडेकरूचा वाद लघुवाद न्यायालयात जातो. शेतात जायचा रस्ता कुणी अडवला असेल, तर मामलेदार कोर्ट कायदा, १९०६ खाली तहसीलदाराकडे अर्ज करता येतो आणि तो बराच स्वस्त पडतो, मात्र अडथळा आल्यापासून सहा महिन्यांच्या आत. व्यापारी स्वरूपाचा वाद तीन लाख रुपयांच्या वर असेल तर वाणिज्यिक न्यायालयाचा वेगळा कायदा लागतो आणि तातडीचा दिलासा नको असेल तर दाव्याआधी मध्यस्थीला जाणं सक्तीचं आहे.

आपला बांध मात्र सरळ दिवाणी कोर्टाचा. जमीन ज्या तालुक्यात, दावा त्याच कोर्टात. तुम्ही पुण्यात राहता म्हणून जुन्नरच्या जमिनीचा दावा पुण्यात लागत नाही. पैशांचा दावा असेल तर प्रतिवादी जिथे राहतो किंवा व्यवहार जिथे झाला तिथे लावता येतो. दाव्याच्या रकमेवरून तो कनिष्ठ स्तर न्यायाधीशांपुढे जाईल की वरिष्ठ स्तर, ते ठरतं.

मुदत : इथे माफी नाही

अपील उशिरा झालं तर विलंबमाफीचा अर्ज करता येतो. दावा उशिरा झाला तर तसला अर्जच नाही. मुदत कायदा, १९६३ चं कलम ५ दाव्यांना लागूच होत नाही. प्रतिवादीने मुदतीचा मुद्दा काढला नाही तरी कोर्टाला तो स्वतःहून पाहावा लागतो.

साधा हिशेब असा. पैशांचा दावा तीन वर्षं. साठेखताप्रमाणे खरेदीखत करून मिळावं यासाठी तीन वर्षं; ती करारात ठरलेल्या तारखेपासून, आणि तारीख ठरलेली नसेल तर समोरच्याने नकार दिल्याचं कळल्यापासून. मालकी हक्काच्या जोरावर जमिनीचा ताबा परत मागायला बारा वर्षं, समोरच्याचा ताबा तुमच्या हक्काविरुद्ध सुरू झाल्यापासून.

उसनवारीत लोक हमखास फसतात. परतफेडीची तारीख ठरली नव्हती, "मागशील तेव्हा देईन" एवढंच बोलणं होतं. मग लोक समजतात की आपण ज्या दिवशी मागितले त्या दिवसापासून तीन वर्षं. नाही. पैसे दिले त्या दिवसापासून. १० जून २०२३ ला दिलेल्या उसन्या पैशांची मुदत १० जून २०२६ ला संपते, मग तुम्ही मध्ये दहा नोटिसा पाठवा. नोटिशीने मुदत वाढत नाही. ती वाढते समोरच्याने, मुदत संपायच्या आत, देणं असल्याचं लिहून सही केली तर किंवा त्यातले थोडे पैसे दिले आणि त्याची लेखी खूण राहिली तर. म्हणून समोरचा "दोन हजार घे आत्ता" म्हणाला तर ते रोख घेऊ नका, बँकेतून घ्या आणि पावतीवर त्याची सही घ्या.

बांधाच्या बाबतीत आणखी एक छोटी मुदत आहे, फार कुणाला माहीत नसलेली. कायद्याची वाट न धरता कुणी तुमचा ताबा हिसकावला, तर सहा महिन्यांच्या आत विशिष्ट अनुतोष कायद्याच्या कलम ६ खाली दावा लावता येतो. त्यात मालकी सिद्ध करावी लागत नाही, ताबा होता आणि जबरदस्तीने गेला एवढंच दाखवायचं. अशा निकालावर अपीलही नाही. फक्त सरकारविरुद्ध हा दावा लागत नाही.

कागद आणि मोजणी

सातबारा हातात घेऊन "ही बघा माझी मालकी" असं म्हणणारे रोज भेटतात. सातबारा महसुली नोंद आहे. त्यातल्या नोंदी उलट सिद्ध होईपर्यंत खऱ्या धरल्या जातात, पण मालकी त्यातून निर्माण होत नाही. मालकी येते खरेदीखतातून, वाटपपत्रातून, बक्षीसपत्रातून, वारसाहक्कातून. म्हणून सातबाऱ्यासोबत फेरफार, म्हणजे हक्क बदलल्याची महसुली नोंद, काढा, आणि फेरफार ज्या दस्तावरून झाला तो दस्तही काढा. मूळ दस्त हरवला असेल तर दुय्यम निबंधकाकडून नक्कल घ्या.

बांधाच्या दाव्यात मात्र सगळ्यात मोठा कागद आहे मोजणीचा नकाशा. दावा लावायच्या आधी भूमी अभिलेख कार्यालयात हद्द कायम मोजणीचा अर्ज करा, शेजाऱ्याला रीतसर नोटीस जाऊ द्या, आणि मोजणी झाल्यावर नकाशाची "क" प्रत घ्या. अतिक्रमण किती गुंठे आणि कोणत्या बाजूने, हे त्याशिवाय दाव्यात नेमकं लिहिताच येत नाही. "पूर्वेकडून थोडी जमीन खाल्ली" असं लिहिलेल्या दाव्यात हुकूमनामा, म्हणजे कोर्टाचा शेवटचा आदेश, झाला तरी कोर्टाचा बेलीफ शेवटी कुठे उभा राहून ताबा देणार? मोजणीवर समोरच्याची हरकत असेल तर दावा चालू असताना कोर्ट कमिशनर (कोर्टाने जागेवर पाठवलेला माणूस) नेमून पुन्हा मोजणी मागता येते. हद्दीच्या वादात अशी मोजणी व्हायला हवी हे सर्वोच्च न्यायालयाने २००८ च्या हरियाणा वक्फ बोर्डाच्या प्रकरणातही सांगितलं आहे.

मोबाइलमधले फोटो, व्हॉट्सॲपवरचं बोलणं, कॉल रेकॉर्डिंग हेही पुरावे आहेत. १ जुलै २०२४ पासून पुराव्याचा जुना कायदा जाऊन भारतीय साक्ष अधिनियम आला. त्याच्या कलम ६३ प्रमाणे इलेक्ट्रॉनिक पुराव्यासोबत प्रमाणपत्र जोडावं लागतं. फोन बदलताना जुना फोन विकून टाकू नका, एवढं ऐका. आणि साठेखत अपुऱ्या स्टॅम्पवर असेल तर कमी पडलेलं मुद्रांक शुल्क आणि दंड भरेपर्यंत ते पुराव्यात वाचलं जात नाही, हेही आताच वकिलाला दाखवा. साक्षीच्या दिवशी कळून उपयोग नाही.

नोटीस आणि कॅव्हेट

खासगी माणसाविरुद्ध दाव्याआधी नोटीस बहुतेक वेळा सक्तीची नाही, तरी द्यावी. तिला आलेलं उत्तर पुढे फार कामाला येतं, कारण त्यात समोरचा घाईघाईत काहीतरी कबूल करून बसतो. सरकारविरुद्ध किंवा सरकारी अधिकाऱ्याने पदाच्या नात्याने केलेल्या कामाविरुद्ध दावा असेल तर कलम ८० ची नोटीस देऊन दोन महिने थांबावंच लागतं. फारच तातडी असेल तर कोर्टाच्या परवानगीने सूट मिळते. सहकारी संस्थेच्या कामकाजाबाबतच्या दाव्यालाही दोन महिन्यांच्या नोटिशीची अट आहे.

उलट बाजूने, शेजारीच आधी कोर्टात जाऊन तुमच्याविरुद्ध एकतर्फी मनाई हुकूम आणेल अशी भीती असेल तर कॅव्हेट दाखल करा, म्हणजे मला ऐकल्याशिवाय आदेश देऊ नका असा अर्ज. खर्च किरकोळ असतो. ते नव्वद दिवस चालतं, मग नवं करायचं.

मागणी काय करायची

दाव्यात शेवटी एक विनंती कलम असतं. कोर्टाकडे नेमकं काय मागितलं ते त्यात. पक्षकार कहाणीवर खूप बोलतात आणि या कलमाकडे बघतही नाहीत. मी म्हणेन, वकिलाने मसुदा दाखवला की तो उलटा वाचा. आधी विनंती, मग बाकी.

एक शेतकरी माझ्याकडे आले होते. आठ वर्षं दावा चालवला, साक्षीपुरावे झाले आणि दावा फेटाळला गेला. कागद पाहिले. शेजाऱ्याचा ताबा तीन गुंठ्यांवर आधीच बसलेला होता, आणि यांनी मागितलं होतं फक्त "हरकत करू नये" अशी निरंतर मनाई. ताबा हातात नसताना मनाई कशाला? मागायला हवा होता ताबा. सर्वोच्च न्यायालयाने २००८ मध्ये अनाथुला सुधाकर प्रकरणात हे नीट मांडलं आहे. ताबा तुमचा असेल आणि हक्कावर शंका नसेल तर नुसती मनाई पुरते. ताबा गेला असेल तर ताबाच मागा. आणि समोरचा तुमच्या मालकीवरच खरोखरचा प्रश्न उभा करत असेल तर मालकी जाहीर करणारं डिक्लरेशनही मागावं लागतं.

डिक्लरेशनचंही एक पथ्य आहे. त्यापुढचा दिलासा मागता येत असताना नुसतं "मी मालक आहे असं जाहीर करा" एवढंच मागितलं तर विशिष्ट अनुतोष कायद्याचं कलम ३४ आड येतं. आपल्या उदाहरणात म्हणून मागणी अशी पडेल : मोजणी नकाशात दाखवलेल्या अमुक क्षेत्राचा ताबा, त्यावरचं कुंपण काढून टाकण्याचा आदेश, पुढे हरकत करू नये म्हणून निरंतर मनाई, दाव्याच्या तारखेपासून ताबा मिळेपर्यंतचं वहिवाटीचं नुकसान, आणि खर्च. यातली एखादी मागणी आत्ता सोडली आणि ती त्याच कारणातून निघणारी असेल तर नंतर वेगळ्या दाव्यात ती मागायला संहितेचा आदेश २, नियम २ अडवतो. दुरुस्ती अर्ज करता येतो, पण साक्षी सुरू झाल्यावर "आधी का सुचलं नाही" याचं पटणारं उत्तर द्यावं लागतं.

वाटपाच्या दाव्यात सगळे सहहिस्सेदार सामील करा, लग्न होऊन गेलेल्या बहिणींसकट. आणि शेतजमिनीचं वाटप झालं तरी प्रत्यक्ष तुकडे पाडायचं काम कलम ५४ प्रमाणे जिल्हाधिकाऱ्यांमार्फत होतं, कोर्टातून नव्हे. तो वेगळा लेख होईल.

धनादेशावर किंवा लेखी करारावर ठरावीक रक्कम येणं असेल तर आदेश ३७ चा संक्षिप्त दावा पाहा. त्यात प्रतिवादीला दहा दिवसांत हजर व्हावं लागतं आणि बचाव करायचीही कोर्टाची परवानगी घ्यावी लागते. चेक बाउन्सची फौजदारी केस वेगळी. ती चालू आहे म्हणून दिवाणीची तीन वर्षं थांबत नाहीत.

दाखल करणं

दावा, त्यावरचं सत्यापन आणि शपथपत्र, दस्तयादी, वकीलपत्र, कोर्ट फी. फीला घाबरून अनेक जण थबकतात, पण शेतजमिनीच्या ताब्याच्या दाव्यात ती बाजारभावावर नाही तर साऱ्याच्या पटीत मोजली जाते, त्यामुळे बरीच कमी येते. कितीही मोठा दावा असला तरी महाराष्ट्रात फीची कमाल मर्यादा दहा लाख रुपये आहे. २०१८ पूर्वी ती तीन लाख होती. पोटगी, मालमत्तेचा वाद, हिंसाचार आणि घटस्फोट यांत स्त्री पक्षकारांना फीमाफी देणारी राज्य सरकारची १९९४ ची अधिसूचना आहे. मालमत्तेच्या बाबतीत ती तुमच्या दाव्याला बसते का, यावर वकिलाशी आधी बोला. वकील परवडत नसेल तर कोर्टाच्याच इमारतीत तालुका विधी सेवा समिती असते. स्त्रिया, अनुसूचित जाती-जमातीचे लोक, दिव्यांग यांना उत्पन्न कितीही असलं तरी मोफत वकील मिळतो.

दाव्याला नंबर पडतो, रे.मु.नं. (रेग्युलर मुकदमा नंबर) अमुक. त्यासोबत सोळा अक्षरी सीएनआर क्रमांक मिळतो. तो मोबाइलमध्ये लिहून ठेवा. ई-कोर्ट्सच्या ॲपवर तो टाकला की पुढची तारीख आणि आदेश घरबसल्या दिसतात. "वकील तारीख सांगत नाहीत" ही तक्रार निम्मी तिथेच मिटते.

जमिनीचा दावा असेल तर आणखी एक काम करा. दावा चालू असल्याची नोटीस, जिला सगळे "लिस पेंडन्स" म्हणतात, दुय्यम निबंधकाकडे नोंदवा. नाहीतर शेजारी ती जमीन तिसऱ्याला विकून मोकळा होतो आणि तो तिसरा म्हणतो, मला काय माहीत.

निशाणी ५

निशाणी म्हणजे फाइलमधल्या कागदाला कोर्ट देतं तो क्रमांक. महाराष्ट्रातल्या कोर्टांत दावा म्हणजे निशाणी १, आणि तात्पुरत्या मनाईचा अर्ज बहुतेक ठिकाणी निशाणी ५. त्यामुळे कोर्टाच्या आवारात "निशाणी पाच झाली का?" याचा अर्थ "मनाई मिळाली का?" असाच असतो. पहिल्या सहा महिन्यांतली खरी लढाई हीच.

कोर्ट तीन गोष्टी तपासतं. प्रथमदर्शनी तुमची बाजू उभी राहते का? मनाई दिली तर समोरच्याची आणि नाही दिली तर तुमची, यात जास्त गैरसोय कुणाची? आणि नुकसान पैशाने भरून न येणारं आहे का? बांधाच्या प्रकरणात कुंपणाच्या आत विहीर खोदायला सुरुवात झाली असेल तर तिसरा मुद्दा आपोआप उभा राहतो. कुंपण चार वर्षांपूर्वीचं असेल तर तातडी कुठे आहे असा प्रश्न न्यायाधीश विचारणारच. उशीर हा मनाईचा शत्रू. काही लपवलं तर त्याहून वाईट. आधी एक अर्ज फेटाळला गेला होता आणि तो तुम्ही सांगितला नाही, हे उघड झालं की बाकीचं खरंही कुणी मानत नाही.

समोरच्याला न ऐकता एकतर्फी मनाई मिळते, पण अपवादाने, आणि कोर्टाला कारणं लिहावी लागतात. मिळाली तर अर्ज, दावा आणि कागद त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी समोरच्याला पाठवून तसं शपथपत्र द्यायचं असतं. हे राहून गेलं की एवढ्याच कारणावर मिळालेली मनाई उठते. कधी कोर्ट "जैसे थे" आदेश देतं. तो वरवर दोघांना समान वाटतो, पण जमीन आज ज्याच्या ताब्यात, त्याला तो गोड. म्हणून "जैसे थे" मागण्याआधी आज जागेवर काय आहे ते कोर्ट कमिशनरकडून पंचनाम्यात उतरवून घ्या.

मनाई मोडली तर? आदेशाची नक्कल घेऊन ठाण्यात गेलात तर पुन्हा तेच उत्तर मिळू शकतं. मार्ग कोर्टातच आहे. आदेश ३९, नियम २अ चा अर्ज. त्यात मालमत्ता जप्त होऊ शकते आणि तीन महिन्यांपर्यंत दिवाणी कैद. पोलीस संरक्षणासाठीही कोर्टाकडेच अर्ज करायचा. मग ठाण्याला हात झटकता येत नाहीत.

निशाणी ५ च्या निकालावर जिल्हा न्यायालयात किरकोळ अपील होतं. त्यात दाव्याची कागदपत्रं वर गेली आणि मूळ दावा वर्षभर तसाच पडून राहिला, असंही होतं. अपिलात स्थगिती नसेल तर खाली दावा चालवण्याचा आग्रह धरा.

समन्स तुमच्या दारात आलं असेल तर

आतापर्यंत वादीच्या बाजूने बोललो. बेलीफ समन्स घेऊन तुमच्या दारात उभा असेल, तर पहिली सूचना : घ्या. नाकारलं तरी कायद्याने बजावणी झाल्यासारखंच धरतात, आणि दारावर चिकटवूनही बजावणी होते. घेतल्याने तुम्ही काही कबूल करत नाही. सोबत दाव्याची प्रत आहे का ते बघा आणि मगच सही करा.

बजावणीपासून तीस दिवसांत कैफियत, म्हणजे दाव्याला लेखी उत्तर, द्यायची. कोर्ट कारण लिहून नव्वद दिवसांपर्यंत वेळ देऊ शकतं. नव्वदनंतरही साध्या दाव्यांत अपवादाने मुभा मिळते (२००५ च्या सेलम बार असोसिएशनच्या निकालाने), पण बहुधा खर्च भरून. वाणिज्यिक दाव्यांत एकशे वीस दिवसांनंतर दार पक्कं बंद. कैफियतीत "दाव्यातील मजकूर खोटा आहे" एवढंच लिहून चालत नाही. ज्या परिच्छेदाला नेमका नकार दिला नाही तो मान्य धरला जाऊ शकतो. तुमची उलट मागणी असेल, समजा शेजाऱ्यानेच तुमची जमीन खाल्ली आहे असं तुमचं म्हणणं असेल, तर त्याच दाव्यात प्रतिदावा करा.

गैरहजर राहिलात आणि एकतर्फी हुकूमनामा झाला तर तीस दिवसांत तो रद्द करण्याचा अर्ज करता येतो. समन्स खरंच बजावलं गेलं नसेल तर हे तीस दिवस हुकूमनामा कळल्यापासून मोजतात. वादी गैरहजर राहिला आणि दावा काढून टाकला गेला तर त्यालाही पुनःस्थापनेसाठी तेवढेच दिवस. दोन्ही बाजूंचं एक सामाईक दुखणं म्हणजे मयत पक्षकार. दावा चालू असताना कुणी वारलं तर नव्वद दिवसांत त्याचे वारस रेकॉर्डवर आणायचे, नाहीतर त्याच्यापुरता दावा संपतो. गावाकडच्या दाव्यांत दहा प्रतिवादी असतात आणि त्यातला एक मुंबईत वारलेला असतो. चौकशी करत राहा.

मुद्दे, साक्ष, उलटतपास

कैफियत आली की कोर्ट मुद्दे काढतं. वादी मालक आहे का? प्रतिवादीने अतिक्रमण केलं का? दावा मुदतीत आहे का? प्रत्येक मुद्द्यापुढे तो कुणी शाबीत करायचा ते ठरतं. मुद्द्यांची नक्कल घ्या आणि आपल्याकडे कशासाठी कोणता कागद, कोणता साक्षीदार, ते पेन्सिलने पुढे लिहा. वकिलासोबत हे एक तास बसून केलं तर नंतरच्या दहा तारखा वाचतात.

सरतपासणी, म्हणजे आपल्या बाजूची मूळ साक्ष, आता शपथपत्रावर होते. ते शपथपत्र तुमचं आहे, वकिलाचं नाही. वाचल्याशिवाय सही करू नका, कारण उलटतपासात त्यातल्या प्रत्येक वाक्याचं उत्तर तुम्हाला द्यायचंय. कागद नुसता दाखल करून पुरत नाही, तो शाबीत होऊन त्यावर निशाणी पडावी लागते. "फाइलमध्ये आहे की" हे उत्तर निकालात चालत नाही. मोजणी नकाशा लावला असेल तर मोजणी करणाऱ्या भूमापकालाही साक्षीला बोलवा.

उलटतपासाला उभं राहताना एवढंच : प्रश्न पूर्ण ऐका. माहीत नसेल तर "माहीत नाही" म्हणा. "सर्वसाधारणपणे", "बहुतेक" असे शब्द टाळा. समोरचा वकील आवाज चढवेल, तुम्ही चढवू नका. जिल्हा-तालुका कोर्टांची भाषा मराठी आहे, १९९८ ची तशी अधिसूचना आहे. तुमची साक्ष जी लिहून घेतली जाते ती सही करण्याआधी वाचून बघा, आणि चुकीचं उतरलं असेल तर तिथेच, साक्षीच्या पिंजऱ्यातूनच सांगा.

एका पक्षाला तीनपेक्षा जास्त तहकुबी देऊ नये असं संहिता सांगते. प्रत्यक्षात काय होतं ते कुठल्याही कोर्टाच्या बोर्डावर बघा. तरी समोरचा तारीख मागत असेल तर दरवेळी खर्चासकट तहकुबी मागा आणि हरकत रोजनाम्यात (दाव्याच्या तारखांच्या नोंदीत) उतरवून घ्या.

मध्येच तडजोड

बांधाचा वाद तडजोडीला सगळ्यात चांगला, कारण दोघांनाही उद्या त्याच बांधावर उभं राहायचंय. कोर्ट मध्यस्थीकडे पाठवू शकतं. लोकअदालतीत मिटलं तर कोर्ट फी परत मिळते आणि त्या निवाड्यावर अपील नसतं. याच कारणाने तडजोडीचा मसुदा दाव्याइतकाच काळजीने वाचा. नकाशा जोडा, दगड कुठे रोवायचे ते लिहा, कुंपण काढायची तारीख लिहा. "दोघांनी सामंजस्याने राहावे" असल्या वाक्यांची अंमलबजावणी करता येत नाही.

निकाल लागला

न्यायनिर्णय म्हणजे कारणं, आणि हुकूमनामा म्हणजे कोर्टाने नेमकं काय दिलं ते. निकालाच्या दिवशीच नक्कल विभागात दोन्हींसाठी अर्ज टाका. नक्कल मिळायला लागणारे दिवस अपिलाच्या मुदतीतून वजा होतात, पण अर्ज केल्यापासूनच.

पहिलं अपील जिल्हा न्यायालयात तीस दिवसांत. उच्च न्यायालयात जाणारं असेल तर नव्वद. त्यात पुरावा पुन्हा तपासला जातो. दुसरं अपील उच्च न्यायालयात, पण तिथे कायद्याचा महत्त्वाचा प्रश्न असेल तरच. "खालच्या कोर्टाने साक्षीदारावर विश्वास ठेवायला नको होता" हा तसला प्रश्न नव्हे. उघड चूक राहिली असेल तर त्याच कोर्टात तीस दिवसांत पुनर्विलोकन. ज्या मधल्या आदेशांवर अपील नाही त्यांच्यासाठी राज्यघटनेच्या अनुच्छेद २२७ खाली उच्च न्यायालयात जाता येतं, पण दर लहान आदेशावर वर पळालात तर दावा खाली म्हातारा होतो.

एक गैरसमज घट्ट बसलाय : अपील केलं की हुकूमनामा आपोआप थांबतो. थांबत नाही. स्थगिती वेगळी मागून मिळवावी लागते.

दरखास्त : इथे बहुतेक जण दमतात

हिंदुस्थानातल्या पक्षकाराच्या खऱ्या अडचणी हुकूमनामा हातात आल्यावर सुरू होतात, असं प्रिव्ही कौन्सिलने १८७२ मध्येच म्हणून ठेवलंय. हुकूमनामा म्हणजे कागद. जमीन त्यावर चालत येत नाही. त्यासाठी दरखास्त, म्हणजे अंमलबजावणीचा अर्ज, दाखल करायची. मुदत बारा वर्षं. पण अमुक गोष्ट करून द्या असा आज्ञार्थी हुकूम असेल, जसं आपल्या उदाहरणातलं कुंपण काढणं, तर त्या भागाला तीनच वर्षं. निरंतर मनाईच्या अंमलबजावणीला मुदतच नाही. ताबा मिळालाय आणि कुंपण तसंच, अशी गंमत व्हायला नको असेल तर एकच दरखास्त लवकर टाका.

पैशांच्या हुकूमनाम्यात मालमत्ता जप्त करून लिलाव होतो. पण कलम ६० ने काही गोष्टींना हात लावता येत नाही : अंगावरचे आणि अंथरायचे कपडे, स्वयंपाकाची भांडी, धर्मरूढीने बाई उतरवू शकत नाही असा दागिना, शेतकऱ्याची अवजारं, बैल, बियाणं. पगारातले पहिले एक हजार आणि उरलेल्याचे दोन तृतीयांशही सुटतात. म्हणून दरखास्तीत समोरच्याच्या कोणत्या मालमत्तेवर जप्ती हवी ते तुम्हीच शोधून द्यायचं. कोर्ट शोधत बसत नाही. दावा चालू असतानाच तो मालमत्ता विकायला लागला तर निकालाआधीची जप्ती मागता येते.

ताब्याच्या दरखास्तीत ताबा वॉरंट निघतं आणि ते नाझरामार्फत (बेलिफांवरच्या कोर्ट अधिकाऱ्यामार्फत) बेलिफाकडे जातं. बेलीफ भत्ता भरला का, तारीख कोणती, पोलीस बंदोबस्ताचा अर्ज मंजूर झाला का, हे तुम्हीच धावून बघायचं. ऐन वेळी शेजाऱ्याचा मेहुणा आडवा येतो आणि "जमीन माझ्या ताब्यात आहे" म्हणतो. घाबरू नका. आदेश २१, नियम ९७ खाली त्याच दरखास्तीत त्याची हरकत ऐकली जाते, वेगळा दावा लागत नाही. दरखास्त दाखल झाल्यापासून सहा महिन्यांत निकाली काढावी असं सर्वोच्च न्यायालयाने २०२१ मध्ये राहुल शहा प्रकरणात सांगितलं आहे. तारखा लांबू लागल्या की या निकालाची प्रत अर्जाला जोडा.

ताब्याच्या दिवशी भूमापक, दोन पंच, जेसीबी किंवा निदान दोन मजूर, आणि हद्दीचे दगड घेऊन सकाळीच जागेवर जा. बेलीफ नकाशाप्रमाणे हद्द दाखवेल, कुंपण निघेल, पंचनामा होईल. दगड त्याच्यासमोर रोवून घ्या, फोटो काढा, आणि कब्जेपावतीवर सही करण्याआधी त्यातलं क्षेत्र आणि दिशा नकाशाशी ताडून बघा. पूर्व-पश्चिम उलटी लिहिलेली कब्जेपावती मी डोळ्यांनी पाहिलीये. ती दुरुस्त करायला पक्षकाराला आणखी चौदा महिने लागले.